खाचरातल्या भेगा
(वर्धापनदिनाच्या समारंभातील भाषण)



चित्रांविषयी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. मी काही व्याख्याती नव्हे. तेव्हा माझ्या एका फसलेल्या चित्राचीच हकीकत सांगते.

भातखाचरातला गाळ उन्हाळ्यात वाळून तडकतो, तो तुम्ही सर्वांनीच पाहिला आहे. मला तो चित्रात हवा होता. रंगाने काढलेल्या भेगा खोट्या वाटू लागल्या, म्हणून डिंकात कालवून जांभ्याची खरी माती हार्डबोर्डावर थापली. जांभ्याचा तांबडेपणा म्हणजे लोखंडाचा गंजच. लक्षावधी वर्षांच्या पावसाने खडकातले बाकीचे बरेचसे धुऊन नेले, लोखंड मागे राहिले. असा रंग डबीत कुठून मिळणार!

माती वाळताना आकसते, खालचा बोर्ड आकसत नाही. ओढाताण असह्य झाली की माती फाटते. पहिली भेग मनाला येईल तशी पळते, दुसरी तिला बहुधा काटकोनात येऊन मिळते. पण तीच माती पुनःपुन्हा भिजली, वाळली, की काटकोन मोडतात आणि तीन भेगा एका जागी जवळजवळ सारख्या कोनांत भेटू लागतात. मी बोर्ड वीस-पंचवीस वेळा भिजवला. भेगा अगदी खाचरासारख्या पडल्या! दर खेपेस डिंकही धुऊन जात होता, हे मात्र माझ्या ध्यानात आले नाही. आनंदाच्या भरात चित्र एका प्रदर्शनाला धाडले. परत आले तेव्हा निम्मी माती वेष्टणाच्या कागदात, आणि सोबत शेरा: 'ही चित्रकला नव्हे.' सहा महिने मी कामाला हात लावला नाही.

त्या दिवसांत जोन अर्डली या चित्रकर्त्रीविषयी वाचले. स्कॉटलंडच्या कॅटरलाइन या समुद्रकाठच्या कोळ्यांच्या खेड्यात ही बाई वादळातही बाहेर उभी राहून रंगवीत असे. तिच्या १९६० च्या एका चित्रात खरे गवत आणि त्याचे तुरे रंगात रुतलेले आहेत. १९६१ च्या 'द वेव्ह'मध्ये भरड वाळू आहे. १९६३ साली, अवघ्या ४२ व्या वर्षी, ती गेली.

धीर तिने दिला. उपाय मात्र सासूबाईंनी सांगितला. "अगं, सारवणात शेण कशाला घालतात?" खरेच की! शेणातले गवताचे तंतू माती धरून ठेवतात. इतकी वर्षे सारवले, पण डोक्यात आले नाही. आता जिथे भेग नको तिथे शेण आणि भाताचे बारीक तूस घालते. हवी तिथे नुसती माती. भेगा पडून झाल्या की सुतारांचा पांढरा गोंद पातळ करून वरून मुरवते.

पहिल्या सरीचे पाणी भेगेत शिरते, कडा मऊ होऊन ढासळतात, ते अजून जमलेले नाही. यंदा पुन्हा बसणार आहे.

दाराशेजारी टांगले आहे ते जुनेच, परत आलेले चित्र. मंडळाने हट्टाने मागून घेतले. जाताना जरूर पाहा, पण बोट लावू नका. माती अजून सुटते.