ईस्टरचे तीन दिवस लेकरांचे



मार्च-एप्रिलमध्ये आपल्या पाथर्डी तालुक्यातल्या ऊसतोड टोळ्या घरी परततात. आमच्या बचत गटातल्या ख्रिस्ती मैत्रिणींचा ईस्टरही याच सुमारास येतो. २१ मार्चपासून पुढे येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, म्हणून त्याची तारीख दर वर्षी बदलते.

पाच-सहा महिने आजीजवळ राहिलेलं लेकरू आईजवळ यायला बिचकतं. म्हणून आम्ही गटात ठरवलं, नव्या कपड्यांसाठी आणि केकसाठी कर्ज काढायचं नाही. हे तीन दिवस लेकरांना द्यायचे.

तयारी आठवडाभर आधी, झावळ्यांच्या रविवारी. रात्री भिजवलेले गहू मुलांच्या हातानं मातीच्या वाटीत पेरायचे, घटात पेरतो तसे. शुभ शुक्रवारी येशूच्या वधस्तंभाची गोष्ट थोडक्यात सांगायची, लहानांना भीती वाटेल असं वर्णन नको. शनिवारी मुलांनी कांद्याची टरफलं गोळा करायची. रविवारी उपासनेहून आल्यावर त्या टरफलांच्या पाण्यात पांढरी अंडी दहा-बारा मिनिटं उकडायची. छान तांबूस होतात. घरात लपवा, मुलांना शोधू द्या. ऊन फार, तेव्हा तासाभराच्या आत खाऊन टाका.

तोवर वाटीतला गहू हिरवागार झालेला असतो. मातीत गेलेला दाणा उगवला, हे दाखवलं की पुनरुत्थान मुलांना वेगळं समजवावं लागत नाही.

मागच्या वर्षी आमच्यातल्या एकीची चिमुरडी अंडी शोधता शोधता आईच्या मांडीवर येऊन बसली, ती उठलीच नाही. आईचा सण तिथंच झाला.