माळ्यावरील अडगळ आणि संगणकाचा गाभा

दिवाळी आठ दिवसांवर आली की जुन्या घरांतून माळा उतरविण्याचे काम निघते. मोडका पाळणा, बूड गेलेला हंडा, कोणत्या कुलपाचा ते कोणालाच ठाऊक नसलेला किल्ल्यांचा जुडगा, अशी एकेक वस्तू खाली येते, आणि घरातील कोणी तरी वडीलधारे माणूस म्हणतेच, "असू द्या, कधी तरी लागेल." वस्तू पुन्हा वर जाते. ती कोणाला आणि कशासाठी लागणार, हे मात्र कोणी सांगत नाही. घरगुती व्यवहारात या सवयीने फारसे बिघडत नाही. परंतु ज्या प्रणालीवर जगातील कोट्यवधी मोबाईल दूरध्वनी चालतात, तिच्याही माळ्यावर अशीच अडगळ साचली होती, आणि ती उतरविण्यास बारा-तेरा वर्षे खर्ची पडली. त्या साफसफाईची हकीकत मनोरंजक तर आहेच, पण विचार करावयास लावणारीही आहे.

1991 साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील तरुण विद्यार्थ्याने हेलसिंकी येथे स्वतःच्या संगणकासाठी एक लहानशी प्रणाली लिहावयास घेतली. तीच पुढे लिनक्स या नावाने प्रसिद्धीस आली. लिनक्सचा जो अगदी आतला भाग, त्यास कर्नेल म्हणतात. कर्नेल म्हणजे गाभा किंवा गर. संगणकातील स्मृती कोणास किती द्यावयाची, पडद्यावर काय उमटवावयाचे, बाहेरून आलेला संदेश कोणाकडे पोहोचवावयाचा, हा सारा कारभार हा गाभा पाहतो. अँड्रॉइडचे मोबाईल याच गाभ्यावर उभे आहेत. त्याचा मजकूर सर्वांस खुला असून देशोदेशीचे हजारो प्रोग्रामर त्यात भर घालीत आले आहेत.

हा एकच गाभा मनगटावरील घड्याळातही चालावा आणि हवामानखात्याच्या महासंगणकातही चालावा, हे साधते तरी कसे? त्याची युक्ती विकल्पांत आहे. लग्नघरी आलेला आचारी चूल पेटविण्यापूर्वी जसा यजमानास प्रश्न विचारतो, पंगती किती, पक्वान्न कोणते, उपवासाची माणसे किती, तसे गाभ्याची बांधणी करण्यापूर्वी त्यालाही प्रश्न विचारून घ्यावे लागतात. प्रोसेसर कोणत्या जातीचा? अमुक एक चकती आहे काय? तमुक जाळ्याचे कार्ड आहे काय? प्रत्येक प्रश्नास "होय", "नाही" किंवा "वेगळा तुकडा करून ठेवा, लागेल तेव्हा जोडू" असे उत्तर द्यावयाचे असते. हे प्रश्न मांडण्याची जी भाषा आहे, तिला केकॉन्फिग म्हणतात. ती 2002 साली गाभ्यात आली. एक विकल्प दुसऱ्यावर अवलंबून असतो, एखादा निवडला की तो आपल्याबरोबर आणखी चौघांना ओढून आणतो. अशा विकल्पांची संख्या वाढत वाढत दहा हजारांच्या वर गेली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. यादीतील प्रत्येक विकल्प हे एक वचन असते. "या यंत्राला होय म्हणा, हा गाभा त्यावर चालेल," असे तो बांधणाऱ्यास सांगत असतो. ते वचन पाळणारा कोणी उरलेला नसेल, तर तो विकल्प नुसती अडगळ राहत नाही. तो खोटे बोलू लागतो.

ही अडगळ सर्वांत अधिक साचली ती आर्म या प्रोसेसर-घराण्याच्या खोलीत. आर्मचा पहिला प्रोसेसर 1985 साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे अ‍ॅकॉर्न या कंपनीने सिद्ध केला. 1990 साली त्यासाठी स्वतंत्र कंपनी निघाली. चिप स्वतः तयार करून विकण्याऐवजी आराखडे परवान्याने देण्याचा तिने धंदा केला. आराखडा एकाचा, पण तो घेऊन चिप घडविणारे अनेक. आणि प्रत्येकाने त्याभोवती आपापल्या सोयीचे भाग जोडले. घरगुती वापराच्या साध्या संगणकात "मी अमुक, माझी जागा तमुक" असे पुष्कळसे भाग स्वतःच सांगतात. आर्मच्या यंत्रांत तशी सोय सहसा नव्हती. कोणत्या पत्त्यावर कोणता भाग बसविला आहे, हे प्रत्येक बोर्डासाठी गाभ्याच्या मजकुरातच लिहून ठेवावे लागे. शिवाय बांधणीच्या वेळी यंत्राचे घराणे एकच निवडता येत असे. एका घराण्यासाठी बांधलेला गाभा दुसऱ्या घराण्यास निरुपयोगी.

याच्या जोडीला नमुना-याद्यांचा पसारा होता. अमुक बोर्डासाठी प्रश्नांची उत्तरे कशी द्यावीत, याची तयार यादी गाभ्याबरोबरच ठेवीत. यादीत हजारो ओळी, आणि त्यांतील बहुतेक उत्तरे कोणी न सांगताही तीच आली असती. तरीही एक नवा विकल्प निघाला की साऱ्या याद्या पुन्हा लिहावयाच्या. परिणाम असा झाला की आर्मकडून येणाऱ्या दुरुस्त्यांत खऱ्या कामापेक्षा याद्यांची उलथापालथच अधिक दिसू लागली. 2010 च्या जूनमध्ये टोरवाल्ड्स यांनी, हा प्रकार यापुढे चालावयाचा नाही, अशी स्पष्ट ताकीद दिली.

त्यावर उवे क्लाइने-क्योनिग या प्रोग्रामरने योजलेला उपाय साधा आणि म्हणूनच सुंदर होता. यादीतील एक ओळ काढावी, उरलेल्या यादीवरून पुन्हा संपूर्ण उत्तरपत्रिका तयार करावी, आणि ती पूर्वीसारखीच आली तर ती ओळ निरर्थक समजून कायमची काढून टाकावी. असे ओळीमागून ओळ करीत गेल्यावर पावणेदोनशेच्या घरात असलेल्या याद्यांतून एक लाख नव्वद हजारांहून अधिक ओळी गळाल्या, आणि एकाही यंत्राचे काही बिघडले नाही. जे वेगळे आहे तेवढेच लिहावे, हा नियम त्याच वर्षी गाभ्याच्या साधनांत कायमचा बसविण्यात आला.

तथापि याद्या आटोपशीर झाल्या तरी मूळ रोग राहिलाच होता. 2011 च्या वसंतात पुन्हा कडक शब्दांची देवघेव झाली, आणि आर्मच्या वेगवेगळ्या घराण्यांचे काम एका जागी गोळा करून तपासण्याची व्यवस्था सुरू झाली. तिच्यात आर्न्ड बर्गमन आणि उलोफ योहानसन यांचा वाटा मोठा. यंत्रातील भागांचे वर्णन गाभ्याच्या मजकुरातून काढून वेगळ्या तक्त्यात ठेवावे, असे ठरले. या तक्त्यास डिव्हाइस ट्री म्हणतात. तो यंत्रभागांची वंशावळच होय. कोण कोणाच्या पोटी, कोणत्या पत्त्यावर राहतो, हे त्यात लिहिलेले असते, आणि गाभा सुरू होताना ते वाचून घेतो. डिसेंबर 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 3.7 या आवृत्तीत निरनिराळ्या घराण्यांच्या आर्म यंत्रांवर एकच गाभा चालण्याची सोय प्रथम झाली. त्याच आवृत्तीत आलेल्या 64 बिटांच्या नव्या आर्मने तर पहिल्या दिवसापासून एकच नमुना-यादी ठेवली. थोरल्या भावाच्या घरातील पसारा पाहून धाकट्याने धडा घेतला, असे म्हणावयास हरकत नाही.

विकल्पांची अव्यवस्था ही केवळ नीटनेटकेपणाची बाब आहे, असे कोणास वाटेल. तसे नाही. जर्मनीतील एर्लांगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 साली या हजारो विकल्पांची यंत्राकरवी छाननी केली. तेव्हा असे आढळले की मजकुरात उल्लेखिलेले कित्येक विकल्प मूळ यादीत अस्तित्वातच नव्हते. एका ठिकाणी "हॉटप्लग सीपीयू" असे विकल्पाचे नाव हवे होते. लिहिणाराने "सीपीयू हॉटप्लग" लिहिले. दोनच शब्दांची अदलाबदल. पण त्या नावाचा विकल्प नसल्यामुळे त्या ओळींवर कोणाचेही "होय" कधी पोहोचलेच नाही, आणि एका दोषाची म्हणून लिहिलेली दुरुस्ती गाभ्यात छापलेली असूनही गाभ्यात शिरली नाही. वाचणाऱ्यास वाटे, दुरुस्ती झाली आहे. यंत्राला तिचा पत्ता नाही. पसाऱ्यात हरवलेली वस्तू नसलेल्या वस्तूसारखीच असते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

मग सरसकट झाडू फिरवावा काय? येथे दुसरी बाजू येते. कोठे तरी एखाद्या कारखान्यात वीस वर्षांपूर्वीचे यंत्र निमूटपणे चालू असते. त्याचा विकल्प काढला म्हणजे त्याच्या मालकास नव्या सुधारणांची, विशेषतः सुरक्षिततेच्या दुरुस्त्यांची दारे बंद होतात. काढणाऱ्यास तो मालक दिसत नाही, आणि मालकास काढणारा ठाऊक नसतो. म्हणून साफसफाईत खरे कौशल्य काढण्यात नसून विचारण्यात आहे.

2012 च्या डिसेंबरात 386 या प्रोसेसरचा विकल्प काढण्यात आला. टोरवाल्ड्स यांची प्रणाली जन्मास आली ती याच जातीच्या संगणकावर. तरीही त्यांनी भावनेचा अडसर आणला नाही. त्या जुन्या प्रोसेसरात काही आज्ञाच नसल्यामुळे नव्या यंत्रांसाठी काम करणाऱ्यांना पदोपदी वळसा घ्यावा लागत होता. 2018 साली 4.17 या आवृत्तीतून तर एकदम आठ प्रोसेसर-घराणी गेली. सुमारे पाच लाख ओळी कमी झाल्या. बर्गमन यांनी तेव्हा नोंदविलेले कारण मार्मिक आहे. चिप, तिच्यातील प्रोसेसर आणि त्यावरील सारी साधने एकाच कंपनीने सांभाळावयाची, हा त्या आठही घराण्यांचा घाट होता. आणि परवान्याने तयार प्रोसेसर घेणे त्यापेक्षा स्वस्त पडू लागल्यावर त्यांच्या पाठीशी कोणी उरले नाही.

आर्मच्या जुन्या बोर्डांची पाळी आली 2022 साली, आणि तेव्हा जी रीत अवलंबिली गेली ती अनुकरणीय आहे. ज्या बोर्डांचा वापर करणारा कोणी पुढे आला नाही, ते लगेच काढले नाहीत. त्यांना "विनावापर बोर्ड" अशा अर्थाच्या एका नव्या विकल्पाखाली बांधले. तो विकल्प आपण होऊन "नाही" असा असे. ज्याला ते बोर्ड हवे त्याने हाताने "होय" म्हणावे, आणि हवे असल्याचे कळवावे. गावच्या चावडीवर नोटीस लावून हरकती मागवाव्यात, तसाच हा प्रकार. ज्यांचे वापरणारे पुढे आले त्यांचे बोर्ड राहिले. ज्यांचे कोणी आले नाही, ते 2023 च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या 6.3 या आवृत्तीतून मोठ्या संख्येने वगळले गेले. अडगळ उतरविण्यासाठीही एक विकल्पच उपयोगी पडला, ही यातील गंमत.

या साऱ्या उद्योगात नवे असे काहीच निर्माण झाले नाही. कोणाच्या मोबाईलचा पडदा अधिक चमकला नाही, की कोणास नवे साधन मिळाले नाही. तेरा वर्षांच्या श्रमाचे फळ म्हणून दाखवावयाचे ते केवळ नसलेल्या ओळी. असल्या कामास टाळ्या पडत नाहीत. परंतु जी वचने उरली ती पाळली जातील, आणि जे वचन पाळता येणार नाही ते तसे सांगून मागे घेतले जाईल, एवढा विश्वास त्यातून उत्पन्न झाला.

माळ्यावरील वस्तू हाती घेऊन "असू द्या" म्हणणे सोपे, आणि "फेकून द्या" म्हणणेही सोपेच. "ही कोणाची, आणि तिची काळजी कोण घेणार?" हा प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणे मात्र कष्टाचे असते. आर्मच्या खोलीतील पसारा आवरला गेला तो याच प्रश्नाने.