मुलांना गाते करणारे कोदाय
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आजवर या मंडळात माझा आवाज कुणी ऐकला असेल तर तो आतल्या खोलीतून, चहाचे कप मोजताना. पण दिवाळीपासून दर शनिवारी मी आपल्या सदस्यांच्या मुलांना गाणी शिकवू लागले, तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, "वहिनी, वर्धापनदिनाला त्यावरच चार शब्द बोला." माझ्यावर काय बोलायचे? ज्यांच्यामुळे हे धाडस केले त्यांच्याविषयी बोलते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

हे गृहस्थ आपल्या देशातले नव्हेत. युरोपात मध्यावर हंगेरी नावाचा देश आहे, तिथले. नाव झोल्तान कोदाय. त्यांच्याकडे आडनाव आधी लावतात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखे, म्हणून तिकडे कोदाय झोल्तान. माझी भाची संगीताची शिक्षिका आहे. गेल्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हा रोज दुपारी भांडी आवरली की ती पुस्तकातून थोडे वाचून मराठीत सांगायची आणि मोबाइलवर त्यांचे संगीत ऐकवायची. मी पुन्हा पुन्हा विचारी, ती पुन्हा पुन्हा सांगे. त्यातले मला जे उमगले तेवढेच आज सांगते.

कोदाय यांचा जन्म 1882 च्या डिसेंबरात केचकेमेत या गावी झाला. वडील रेल्वेत नोकरीला. आपल्याकडे रेल्वेवाल्यांच्या मुलांची जशी दर चार वर्षांनी शाळा बदलते तसेच त्यांचेही. त्यांतली सात वर्षे गालांता नावाच्या लहानशा गावात गेली (ते गाव आता स्लोव्हाकियात आहे). घरी वडील व्हायोलिन वाजवीत, आई गात असे. पण गाणी खरी शिकले ती शाळेतल्या अनवाणी येणाऱ्या मुलांकडून आणि घरच्या मोलकरणींकडून. पुढे पन्नाशी उलटल्यावर, देशात मोठे नाव झाल्यावर, त्यांनी मुलांसाठी दोन आवाजांत गाण्याच्या धड्यांचे एक पुस्तक काढले आणि त्यात लिहिले, की गालांताच्या माझ्या अनवाणी सोबत्यांनो, तुमची आठवण ठेवून मी हे लिहिले. हे भाचीने सांगितले तेव्हा माझ्या हातातली भाजी निवडायची तशीच राहिली.

त्या काळी तिथल्या शहरांतून जर्मन वळणाच्या संगीताला मान. खेड्यातले गाणे म्हणजे अडाण्यांचे. कोदाय 1905 साली पाठीला पिशवी अडकवून गालांताच्या बाजूच्या खेड्यांतून पायी हिंडले आणि शेतकऱ्यांची, म्हाताऱ्या बायांची गाणी उतरून घेऊ लागले. पुढे मेणाच्या नळकांड्यावर आवाज भरून घेण्याचे यंत्रही बरोबर नेत. त्याच वर्षी त्यांची बेला बार्टोक यांच्याशी ओळख झाली आणि जन्मभराची मैत्री जमली. दोघांनी 1906 मध्ये वीस गाण्यांचे पुस्तक काढले. ते फारसे कुणी विकत घेतले नाही. पहिली आवृत्ती संपायला कित्येक वर्षे लागली. पण दोघांनी काम सोडले नाही. हजारो गाणी जमली. ती सगळी छापण्यास 1951 मध्ये सुरुवात झाली तेव्हा पहिला खंड कशाचा काढला असेल? मुलांच्या खेळातल्या गाण्यांचा.

आपल्याकडेही असे काम झाले आहे हे मला ठाऊक नव्हते. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा करविल्या. माझी आजी पहाटे दळायला बसे. तिच्या मांडीवर डोके ठेवून मी त्या ओव्या ऐकल्या आहेत. आज मला त्यांतल्या जेमतेम पाच येतात. बाकीच्या आजीबरोबर गेल्या.

बार्टोक आणि कोदाय यांची भेट ज्या घरी झाली ते घर एका बाईंचे होते, हे मुद्दाम सांगते. त्यांचे नाव एम्मा. स्वतः संगीत रचणाऱ्या, पियानो उत्तम वाजविणाऱ्या, घरी कलावंतांची ऊठबस. त्यांनी रचलेल्या सुरावटींवर त्या वेळच्या नामांकित तरुण संगीतकारांनी आपल्या रचना बांधल्या. कोदायांहून त्या एकोणीस वर्षांनी मोठ्या. 1910 मध्ये दोघांनी लग्न केले आणि 1958 मध्ये एम्मा वारल्या तोपर्यंत अठ्ठेचाळीस वर्षे संसार केला. पुढची गोष्ट दडवून ठेवण्यात अर्थ नाही, नाहीतर कुणीतरी मागाहून कुजबुजेलच. पुढच्याच वर्षी कोदायांनी एकोणीस वर्षांच्या मुलीशी दुसरे लग्न केले, वय सत्त्याहत्तर! मला ते रुचले नाही. भाचीला तसे म्हटलेही. ती म्हणाली, "मावशी, त्या बाईंनीच त्यांच्यामागे त्यांचे घर आणि कागदपत्रे जपली." जपली असतील. मला तरी एम्माच आवडतात.

त्यांच्या रचनांविषयी मी काय सांगणार? मला त्यातले कळत नाही, ऐकायला मात्र आवडले. बुडा आणि पेस्ट ही दोन शहरे एक होऊन पन्नास वर्षे झाली तेव्हा, 1923 मध्ये, त्यांनी 'साल्मुस हुंगारिकुस' ही मोठ्या गायनवृंदाची रचना केली. तिचे शब्द त्यांच्याच जन्मगावच्या एका जुन्या धर्मोपदेशकाचे, सोळाव्या शतकातले. त्याने त्यांचे नाव देशाबाहेर गेले. त्याआधी 1919 साली तिथले सरकार पालटले होते आणि त्या गडबडीत त्यांना संगीत विद्यालयातल्या कामावरून दूर ठेवले गेले होते, चौकशी झाली होती. तेव्हा हे यश फुकटचे नव्हे. दुसरी रचना 1926 सालची, 'हारी यानोश'. एक म्हातारा शिपाई गावच्या गुत्त्यात बसून थापा मारतो, की मी एकट्याने नेपोलियनला हरविले. तिची सुरुवात सगळ्या वाद्यांच्या मिळून एका प्रचंड शिंकेने होते! तिकडे म्हणे ऐकणारा शिंकला की सांगितलेली गोष्ट खरी. आपल्याकडे आरंभालाच कुणी शिंकले असते तर कार्यक्रम पुढे ढकलला असता. मी हसून हसून दमले.

पण मला सांगायचे आहे ते त्यांच्या शिकविण्याविषयी. ते 1907 पासून बुडापेस्टच्या संगीत विद्यालयात शिकवीत. पुढे संगीतकार होणारे विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेले. एवढ्यावर कुणीही समाधान मानले असते. पण 1925 च्या सुमारास एकदा टेकड्यांवर फिरताना त्यांनी शिक्षिका होण्याचा अभ्यासक्रम घेणाऱ्या मुलींचा घोळका गाताना ऐकला, असे सांगतात. मुली चांगल्या, गाणी अगदी टाकाऊ. ह्याच उद्या मुलांना शिकविणार, या विचाराने ते अस्वस्थ झाले. त्याच वर्षी त्यांनी मुलांच्या गायनवृंदासाठी पहिली गाणी लिहिली आणि मग मरेपर्यंत लिहीत राहिले. एवढा मोठा माणूस, आणि दोन-दोन ओळींचे धडे लिहीत बसला. लोक म्हणत असतील, हे काय चालविले आहे!

त्यांचे म्हणणे असे होते, की राजधानीतल्या नाट्यगृहाचा संचालक कोण आहे यापेक्षा एखाद्या आडगावात गाण्याचा मास्तर कोण आहे याला जास्त महत्त्व आहे. संचालक वाईट निघाला तर लवकरच जातो. मास्तर वाईट निघाला तर तीस वर्षे राहतो, आणि तीस वर्षे येणाऱ्या मुलांची गाण्याची गोडी मारून टाकतो.

भगिनींनो, हे वाक्य ऐकून मी भाचीसमोर रडले. का, ते आज पहिल्यांदाच चारचौघींत सांगते. मी चौथीत असताना शाळेच्या संमेलनात स्वागतगीत होते. तालमीला गुरुजींनी मला थांबविले आणि म्हटले, "तू आवाज काढू नकोस. नुसते ओठ हलव." सगळ्या मुली हसल्या. संमेलनात मी नवे परकर-पोलके घालून पहिल्या रांगेत उभी राहिले आणि ओठ हलविले. आईने घरी आल्यावर विचारले, "तुझा आवाज कसा ऐकू आला नाही गं?" मी काही बोलले नाही. त्यानंतर मी मंगळागौरीला गायले नाही, आरतीला टाळ्या वाजविल्या पण तोंड उघडले नाही. मुलांना अंगाई म्हटली तीसुद्धा दार लोटून. गुरुजींच्या मनात वाईट नसेल. पण तीस वर्षांहून अधिक काळ गेला.

आता ते शिकवीत कसे, ते सांगते. आधी पेटी नाही, पियानो नाही. प्रत्येकाजवळ जे वाद्य जन्मापासून आहे, म्हणजे गळा, तेवढेच घ्यायचे. सुरुवात दोनच सुरांची. लहान मूल लांबून दुसऱ्याला लाडाने हाक मारते तेव्हा जे दोन सूर लागतात ते. आपल्या भाषेत पंचम आणि गंधार, प-ग, प-ग. त्यावरच्या खेळातल्या गाण्यांनी कान तयार झाला की धैवत, मग षड्ज, ऋषभ. असे सा, रे, ग, प, ध हे पाच सूर होतात. भाची म्हणाली, "मावशी, हे तर आपल्या भूपाचे सूर!" आपल्याकडेही बऱ्याच ठिकाणी भूपच आधी शिकवितात ना!

आणखी एक गंमत. त्यांच्याकडच्या 'डो रे मी'तला 'डो' अनेक देशांत एकाच पट्टीला खिळलेला असतो. कोदायांनी इंग्लंडातल्या जॉन कर्वेन यांची पद्धत घेऊन तो सुटा केला. ज्याचा गळा जिथे, तिथे त्याचा 'डो'. आपल्याला यात काय विशेष वाटणार? आपला पेटीवाला गाण्याआधी विचारतोच, "बाई, कुठली पट्टी?" आपला सा पहिल्यापासून गाणाऱ्याच्या सोयीने बसतो. तिकडे हे पटवावे लागले.

कर्वेन यांच्याकडूनच हाताच्या खुणा घेतल्या. सा म्हणजे कमरेशी मिटलेली मूठ. ग म्हणजे आडवा तळहात. प म्हणजे छातीशी हात, तळवा आपल्याकडे. ध म्हणजे मनगटातून खाली लोंबणारा हात. सूर चढला की हातही चढतो, त्यामुळे सूर डोळ्यांना दिसतो. आणि एक खेळ आहे तो मुलांना फार आवडतो. सगळ्यांनी गायचे, मी मूठ मिटली की आवाज बंद, पण गाणे मनात चालू ठेवायचे. मूठ उघडली की सगळ्यांनी एकदम बाहेर यायचे, त्याच जागी. प्रथम कुणी पुढे जाते, कुणी मागे राहते. चार-पाच शनिवारांनी सगळी एकाच शब्दावर उतरू लागली.

कोदायांनी दुसरे महायुद्ध बुडापेस्टमध्येच काढले. बार्टोक 1940 मध्ये अमेरिकेला गेले, 1945 मध्ये तिथेच वारले. हे मात्र मागे राहिले. एम्मा जन्माने ज्यू, त्यामुळे जिवाला धोका. शहराला वेढा पडला तेव्हा दोघांनी जोगिणींच्या मठात आसरा घेतला. त्यांच्या एका रचनेचा पहिला प्रयोग 1945 च्या फेब्रुवारीत नाट्यगृहाच्या कोट ठेवण्याच्या खोलीत झाला. बाहेर लढाई चालू होती.

युद्ध संपल्यावर 1950 मध्ये केचकेमेत या त्यांच्या जन्मगावी मार्ता नेमेससेगी नावाच्या बाईंनी अशी प्राथमिक शाळा काढली, की जिथे रोज गाणे, जसे रोज गणित आणि रोज वाचन. कोदायांची पद्धत तिथे रुजली. पुढच्या पंधरा वर्षांत देशात अशा शंभरावर शाळा झाल्या. जगभरचे संगीतशिक्षक 1964 मध्ये बुडापेस्टला जमले आणि ते पाहून थक्क झाले. कोदाय 6 मार्च 1967 रोजी वारले. युनेस्कोने 2016 मध्ये त्यांच्या पद्धतीने लोकगीते जपण्याच्या कामाची नोंद घेतली.

मुलाचे संगीत केव्हा सुरू करावे असे त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले होते, की जन्माआधी नऊ महिने. मागाहून त्यांनी ते सुधारले : मुलाच्या नव्हे, त्याच्या आईच्या जन्माआधी नऊ महिने! म्हणजे ही गोष्ट आपल्यापाशी येऊन थांबते, आणि माझ्या आजीपाशीही.

गेल्या नवरात्रात आपण भोंडल्याला फेर धरला, पण गाणी लाउडस्पीकरने म्हटली. आता कार्यकारिणीपुढे नवा, मोठा लाउडस्पीकर घेण्याचा विषय आहे. माझे मत विचारले नाही, तरी सांगते. तो घेऊ नये. ज्या सासवांना, आज्यांना जुनी गाणी येतात त्यांच्याजवळ बसून आपण ती वहीत उतरून घेऊ. वह्या मी आणीन. आणि पुढच्या भोंडल्याला आपल्याच तोंडाने म्हणू, बेसूर तर बेसूर.

माझ्या शनिवारच्या वर्गात अकरा मुले येतात. एक मुलगा पहिल्या दिवशी सगळे गाणे एकाच सुरावर म्हणत होता. बाकीची हसली. माझ्या तोंडाशी तेच शब्द आले होते, जे मला चौथीत ऐकावे लागले. मी ते गिळले. त्याला माझ्याजवळ उभे केले आणि त्याच्या कानाशी प-ग, प-ग म्हणत राहिले. सहाव्या शनिवारी तो पंचमावरून गंधारावर बरोबर उतरला.

आता मी बसते. मुले बाहेर ताटकळली आहेत. तो दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा आहे. पेटीवाले बोलाविलेले नाहीत, ते मुद्दामच. आणि तिसऱ्या गाण्याला मीही त्यांच्याबरोबर म्हणणार आहे.