थंडी आणि आपले ज्येष्ठ
(ज्येष्ठांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे, कापडाचा व्यापारी आहे. तथापि या विषयाने माझ्या घराला एकदा धडा दिला आहे.

2011 सालच्या पौषातली गोष्ट. निफाडचा पारा उतरला की आम्हा नाशिककरांनाही हुडहुडी भरते. वडील तेव्हा 79 वर्षांचे होते. अंगात एक सुती सदरा. शाल पुढे केली की म्हणत, "मला थंडी वाजत नाही." आम्हाला त्यांच्या काटकपणाचे कौतुक वाटे. एका सायंकाळी गादीवर बसल्या बसल्या त्यांची जीभ जड झाली, सदऱ्याची गुंडी लावता येईना. वयोमानाने होत असेल, असे आम्ही समजलो. डॉक्टरांनी तपासले तेव्हा शरीराचे तापमान 34 अंश भरले. ते 35 च्या खाली जाणे धोक्याचे, हे तेव्हा कळले. वडील खोटे बोलत नव्हते. उतारवयात थंडीची जाणीवच बोथट होते, अंगाची कापरीही मंदावते. मधुमेह वा थायरॉइडची कमतरता असल्यास अधिकच.

थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. म्हणून पहाटे ओल्या केसांनी मंदिराची वाट धरू नये. डोके पुसून, कान झाकून निघावे. चौविहार व नवकारसी पाळणाऱ्यांचे पाणी या दिवसांत सुमारे 14 तास बंद असते. तहान लागत नसली तरी त्यांनी दिवसा कोमट पाणी घेत राहावे.

आता माझ्या धंद्यातले सांगतो. कापड ऊब निर्माण करीत नाही, अंगाचीच ऊब धरून ठेवते. दोन थरांमध्ये अडकलेली हवा हे काम करते. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे: आत सुती बंडी, वर फ्लॅनेल, त्यावर लोकर. मुले महागडा स्वेटर घेऊन देतात आणि आजोबा तो लग्नकार्यासाठी कपाटात जपून ठेवतात, हेही मी पाहिले आहे! बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कदापि ठेवू नये. तिच्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरचेही तेच.

वडील आठवड्याने पुन्हा दुकानात आले. त्यानंतर थंडी वाजते का, हे विचारणे मी सोडून दिले. रोज सायंकाळी सदऱ्याखाली पोटाला हात लावून पाहत असे. पोट गार लागले, तर दवाखाना गाठायचा. प्रारंभी ते रागावत; पुढे स्वतःच सदरा वर करीत.