परक्या शहरातील विद्यार्थी आणि त्याचा जमाखर्च
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील आपल्या समाजात आज अनेक घरांतील मुलगा अथवा मुलगी शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस गेलेली आहे. काही जण विद्यापीठांच्या देवाणघेवाण योजनेतून एखाद्या सत्रापुरते परदेशीही जातात. प्रवेश मिळाला की घरात पेढे वाटले जातात. मात्र खोलीची अनामत रक्कम, खाणावळ, प्रवासखर्च आणि नियमाचे भोजन यांची चिंता त्या कोवळ्या जिवास एकट्यानेच वाहावी लागते. या विषयावर विचार करताना एका विद्यार्थ्याचे उदाहरण डोळ्यांसमोर येते. पुढे त्याचेच वास्तव्य आपल्या जिल्ह्यातील सेवाग्रामी झाले. तो विद्यार्थी म्हणजे मोहनदास करमचंद गांधी.

गांधीजी जन्माने जैन नव्हते. परंतु त्यांच्या विलायतगमनाची अडचण एका जैन साधूने सोडविली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. मातोश्री पुतळीबाई मुलास दूर पाठविण्यास धजावत नव्हत्या. तेव्हा मूळचे मोढ वाणी असलेले जैन साधू बेचरजी स्वामी यांनी मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा मोहनदासांकडून घेवविली आणि मातेने अनुमती दिली. ज्ञातीच्या पंचांनी मात्र मुंबईत सभा भरवून त्यांना बहिष्कृत केले. जो त्यांना साहाय्य करील अथवा निरोप देण्यास बंदरावर जाईल, त्यास सव्वा रुपया दंड ठरविला. अशा स्थितीत ४ सप्टेंबर १८८८ रोजी हा एकोणीस वर्षांचाही न झालेला तरुण बोटीवर चढला.

लंडन तेव्हाही महागडे शहर होते. आरंभीच्या हॉटेलचे बिल तीन पौंड झाले आणि एवढे देऊनही पोट रिकामेच राहिले. पुढे ज्या घरी बिऱ्हाड केले, तेथे उकडलेल्या, अळणी भाज्या आणि पावाचे दोन-तीन तुकडे मिळत. आणखी मागावयास संकोच वाटे. रात्री घराच्या आठवणीने अश्रू येत. शाकाहारी भोजनगृहाच्या शोधात ते दिवसाला दहा-बारा मैल पायपीट करीत. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर तसे एक भोजनगृह सापडले आणि विलायतेत प्रथमच त्यांनी पोटभर भोजन केले. तेथेच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक एक शिलिंग देऊन त्यांनी विकत घेतले. तोवर केवळ मातेस दिलेल्या वचनाखातर पाळलेला नियम आता विचारपूर्वक पाळला जाऊ लागला. पुढे शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत त्यांचा समावेश झाला. जो नियम परक्या शहरात अडचण वाटत होता, त्यानेच त्यांना स्नेही मिळवून दिले, ही बाब चिंतनीय आहे.

तथापि ते आरंभापासूनच काटकसरी होते असे समजू नये. शहराच्या झगमगाटाने त्यांनाही मोहविले. बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा पोशाख शिवविला, एकोणीस शिलिंगांची टोपी घेतली, नृत्याची शिकवणी लावली, व्हायोलिन विकत घेतले. सुमारे तीन महिन्यांनी डोळे उघडले. त्यांना सावरले ते एका जुन्या सवयीने. बसचे भाडे, टपाल, वर्तमानपत्र, अशा पै-पैची नोंद करून रोज रात्री निजण्यापूर्वी ते शिल्लक जुळवीत. त्या वहीनेच त्यांना खर्च निम्म्यावर आणण्याचा मार्ग दाखविला. कुटुंबातील बिऱ्हाड सोडून स्वतंत्र खोल्या घेतल्या, पुढे एकच खोली ठेवली. कामाच्या ठिकाणापासून अर्ध्या तासाच्या पायी अंतरावर राहून बसभाडे वाचविले आणि आठ-दहा मैल चालण्याने प्रकृतीही सुधारली. सकाळची न्याहारी स्वतः शिजविली. दुपारचे जेवण बाहेर आणि रात्री घरी पाव व कोको, असा क्रम ठेवून रोजचा निर्वाह सव्वा शिलिंगात होऊ लागला.

व्यापारी समाजास हा हिशोब सहज कळेल. वीस शिलिंगांचा पौंड धरला, तर हॉटेलात उपाशी ठेवणाऱ्या त्या तीन पौंडांत पुढे अठ्ठेचाळीस दिवसांचे अन्न होत होते. आपल्या आचारधर्मात परिग्रहाचे परिमाण सांगितले आहे आणि सायंकाळी प्रतिक्रमणात दिवसभराच्या आचरणाकडे वळून पाहावयाचे असते. रोजमेळाची वही हे विद्यार्थ्याच्या खर्चाचे प्रतिक्रमणच होय. ती कंजूषपणा शिकवीत नाही, आपली गरज कोणती आणि दुसऱ्यास दाखविण्यासाठी केलेला खर्च कोणता, हे ती सांगते.

१८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन ते परतले, तेव्हा मातोश्री हयात नव्हत्या. त्या दुःखाच्या काळात मुंबईत त्यांची भेट श्रीमद् राजचंद्र यांच्याशी झाली. हिऱ्या-मोत्यांचा व्यापार करीत आत्मचिंतनात रमलेल्या या जैन सत्पुरुषाचा प्रभाव गांधीजींनी आयुष्यभर मानला. ज्ञातीचा रोष शमावा म्हणून बंधूंनी त्यांना नाशिकला नेऊन गोदास्नान घडविले, तरी ज्ञातीतील एका गटाचा बहिष्कार कायमच राहिला. १९३६ मध्ये ते शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी राहावयास आले. बापूकुटीतील साधेपणा आपण नेहमी पाहतो. त्याचा सराव लंडनच्या त्या एका खोलीत सुरू झाला होता.

या कथेत समाजाची दोन रूपे दिसतात. एक दंड ठरविणारे आणि दुसरे बळ देऊन निरोप देणारे. आपल्या पूर्वजांनी दुसरा मार्ग पत्करला. मुंबईत शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी पित्याच्या नावे जैन बोर्डिंग काढले. आचार्य विजयवल्लभसूरीजींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. महानगरात नियम सांभाळून शिकता यावे, हाच या वसतिगृहांमागील उद्देश होता.

हीच परंपरा आपणांस पुढे न्यावयाची आहे. विद्यार्थी निघण्यापूर्वी वर्षभराच्या खर्चाचा अंदाज पालकांनी त्याच्यासमवेत बसून कागदावर मांडावा. त्या शहरातील मंदिर, भोजनशाळा आणि दोन-चार परिचित कुटुंबे यांची ओळख समाजाने करून द्यावी. साहाय्याची रक्कम अशा रीतीने पोहोचावी, की घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. पुढे कमावता झाल्यावर त्याने ती दुसऱ्या विद्यार्थ्यासाठी परत करावी. मुलींच्या सुरक्षित निवासाची चिंता तर सर्वांत आधी वाहिली पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, पावाचा आणखी एक तुकडा मागण्यास संकोचू नका. अडचण घरी कळवा, समाजास कळवा. दूरध्वनीवर पालकांनीही गुणांच्या आधी जेवणाची चौकशी करावी. पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या संस्थेच्या खतावणीत इमारतींची नोंद असतेच. तिच्या आधाराने परक्या शहरात किती मुले पाय रोवून उभी राहिली, ही नोंद पुढील पन्नास वर्षांत त्याहून मोठी व्हावी, हीच जिनेश्वर चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.