महाविद्यालयीन विद्यार्थी आणि वाचन

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, घोडेगाव येथे विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



घोड नदीच्या काठी वसलेल्या या गावी, आपल्याच माणसांसमोर चार शब्द बोलण्याची संधी मंडळाच्या चालकांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी वक्ता नव्हे. उभे आयुष्य शाळेत मास्तरकी करण्यात गेले. तेव्हा माझ्या बोलण्यात अलंकार कमी आणि खडूची धूळ अधिक आढळल्यास आपण उदार मनाने क्षमा कराल, अशी आशा आहे.

आताच बारावीच्या परीक्षेत उज्ज्वल यश मिळविणाऱ्या मुलामुलींचा सत्कार झाला. मुंबईहून, पुण्याहून आलेल्या मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. आयांनी डोळ्यांना पदर लावला. हा आनंद यत्किंचितही उणा करण्याची माझी इच्छा नाही. परंतु मला एक प्रश्न विचारावयाचा आहे. मागील काही वर्षांच्या स्मरणिका काढून पाहा. ज्यांची छायाचित्रे आपण कौतुकाने छापली, त्यांपैकी किती जण पदवीपर्यंत पोचले? किती जण पहिल्याच वर्षी अडखळले आणि गुपचूप कामधंद्याला लागले? त्याची नोंद आपल्यापाशी नाही. आपण मुलांना वेशीपर्यंत वाजतगाजत पोचवितो. वेशीबाहेर त्यांची वाट चुकली तर ते मात्र आपल्याला कळतही नाही.

हे मी ऐकीव गोष्टींवरून बोलत नाही. सुमारे पंचेचाळीस वर्षांपूर्वी अशाच एका सत्कारात माझेही नाव पुकारले गेले होते. वडील मुंबईला भायखळ्याच्या भाजीबाजारात पाट्या वाहत. त्यांनी एका दिवसाची मजुरी बुडवून तो सत्कार पाहिला. पुढे मी शहरातील एका महाविद्यालयात दाखल झालो. शाळेत पहिला नंबर न सोडलेला मुलगा वर्षअखेरीस तीन विषयांत नापास झाला. मी आळस केला नव्हता. खोलीतील सोबती झोपी गेल्यावरही मी पुस्तक उघडून बसत असे. एकेक प्रकरण सहा-सहा वेळा वाचले होते. तरीही प्रश्नपत्रिका हाती येताच सारे कसे पुसल्यासारखे झाले. तो निकाल मी चार महिने घरी कळविला नाही. वडिलांचे पत्र येई, ‘अभ्यास नीट चालला असेल.’ त्याला मी ‘होय’ म्हणून उत्तर धाडी. ते चार महिने आजही आठवले की मान खाली जाते.

मला त्या गर्तेतून कोणी काढले? ग्रंथालयातील एका वृद्ध सेवकाने. मी रोज संध्याकाळी दिवे मालवेपर्यंत बसतो, हे त्यांनी पाहिले होते. एके दिवशी त्यांनी माझ्यापुढील पुस्तक हळूच मिटले आणि म्हटले, “बाळ, आता काय वाचलेस ते मला सांग पाहू.” मला दोन वाक्ये धड सांगता आली नाहीत. ते रागावले नाहीत. म्हणाले, “मग डोळे फिरले, वाचन झाले नाही.” मित्रहो, पुढे मी जे काही शिकलो त्याचा आरंभ त्या एका वाक्यात आहे.

आपल्या तालुक्याच्या पश्चिमेस, भीमाशंकरच्या बाजूला भाताची शेती आहे. तेथील शेतकऱ्यास ही गोष्ट मी समजावून सांगावयास नको. रोप आधी लहानशा वाफ्यात दाट वाढते. तेथे ते हिरवेगार दिसते. पण लोंबी धरावयाची तर त्यास उपटून चिखलात लावावे लागते. लावणीनंतर चार दिवस ते मलूल होते, पिवळे पडते आणि मग नव्या मातीत मूळ धरते. शाळेतून महाविद्यालयात जाणे ही अशीच लावणी आहे. पहिल्या काही महिन्यांत मूल मलूल झाले, तर त्याची बुद्धी आटली असे कोणी समजू नये. मात्र त्याने नवे मूळ धरले पाहिजे. शाळेतील वाचनाच्या जुन्या मुळावर महाविद्यालयाचे पीक उभे राहत नाही.

शाळेत पुस्तक एक असते, गुरुजी तेच वर्गात वाचून दाखवितात आणि प्रश्नांची उत्तरे धड्यातच सापडतात. महाविद्यालयात एका विषयास चार पुस्तके असतात आणि त्या चौघांचे मत एक असतेच असे नाही. प्राध्यापक विषयाचे दार उघडतात, आत आपले आपण शिरावे लागते. अशा वेळी विद्यार्थी बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शिकेचा आश्रय घेतो. तिच्यावर परीक्षा कदाचित निभावते. पण दुसऱ्याने चावलेल्या घासाने कोणाचे अंग धरत नाही, हेही तितकेच खरे.

मग वाचावे कसे? या विषयाचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. पाठ केलेले बहुतांशी पहिल्याच दिवसात निसटते आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्यास आढळले. म्हणजे आज वाचलेल्याची उजळणी परीक्षेच्या आदल्या रात्री करणे म्हणजे पाणी वाहून गेल्यावर बांध घालणे होय. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने व्हावी.

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांना अभ्यास शिकविणारे फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ साली पाच पायऱ्यांची एक रीत मांडली. आधी प्रकरणाची मथळ्यांवरून पाहणी करावी. मग प्रत्येक मथळ्याचा प्रश्न बनवावा. त्या प्रश्नाचे उत्तर शोधीत वाचावे. पुस्तक मिटून उत्तर स्वतःच्या शब्दांत म्हणावे. शेवटी सर्वाची उजळणी करावी. समजा, ‘महागाईची कारणे’ असा मथळा आहे. तर वाचण्यापूर्वीच वहीत लिहा : महागाई का होते? मग त्या भागातील वाक्ये तुमच्या प्रश्नास उत्तर देऊ लागतील. प्रश्नावाचून केलेले वाचन म्हणजे पत्ता ठाऊक नसता एस.टी.त बसणे.

या पाच पायऱ्यांत चौथी सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाची. २००६ साली अमेरिकेतच रोडिगर व कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला. इतरांनी तो मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. माझ्या सहा वेळांच्या वाचनाचे काय झाले, ते मला या प्रयोगाने उमगले. पुन्हा पुन्हा वाचल्याने अक्षरे ओळखीची होतात आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. वाटेवरचा रोजचा मनुष्य ओळखीचा असतो, पण त्याचे नाव विचारले तर सांगता येत नाही, तसेच हे आहे.

हे सारे पाश्चात्त्यांकडूनच शिकावयास हवे असेही नाही. श्रवण, मनन, निदिध्यासन ही परंपरा आपल्या घरची आहे. आपण श्रवणाशीच थांबलो आणि मनन सोडून दिले, एवढेच. समर्थांनी तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेस दिला. तेव्हा वाचलेले लिहून ठेवा. टिपण म्हणजे पुस्तकाची नक्कल नव्हे. प्रकरण मिटून, एका पानात, आपल्या भाषेत जे उतरते ते टिपण. जेथे हात थांबतो तेथे समजलेले नाही असे जाणावे आणि तेवढाच भाग पुन्हा उघडावा.

आमच्या ग्रामीण मुलांस इंग्रजी पुस्तकाचे भय वाटते. ते स्वाभाविक आहे. पहिल्याच ओळीत कोश काढून बसू नये. प्रथम तो विषय मराठीत वाचावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत उभा राहिलेला मराठी विश्वकोश आता महाजालावर विनामूल्य वाचावयास मिळतो. मराठीत विषयाचा सांगाडा मनात उभा राहिला की इंग्रजी वाक्ये त्यावर आपोआप बसतात. आपल्या विषयाचे पाच नवे शब्द रोज, वाक्यासह, एका वहीत लिहावेत. वर्षाअखेरीस ती वही विकतच्या कोशाहून अधिक उपयोगी ठरते.

आणि ज्या यंत्रावर विश्वकोश वाचावयाचा, तेच यंत्र अभ्यासाचे वैरीही आहे. मोबाइल मजजवळही आहे, म्हणून मी त्याची निंदा करणार नाही. एवढेच सांगतो, की पाऊण तास तो दुसऱ्या खोलीत ठेवा. दुसरी खोली नसेल तर आईच्या स्वाधीन करा.

‘दुसरी खोली’ हा शब्द उच्चारताच मला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवतात. परळच्या चाळीत त्यांच्या साऱ्या कुटुंबास एक खोली होती. मुलाने लवकर निजावे, वडिलांनी त्याला रात्री दोन वाजता उठवावे आणि घर निजलेले असता त्याने अभ्यास करावा, अशी व्यवस्था होती. पुढे त्याच विद्यार्थ्याने दादरला ‘राजगृह’ बांधले, तेव्हा ते ग्रंथांसाठी बांधले. या चरित्रातील एक प्रसंग आजच्या समारंभास विशेष लागू पडतो. भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाले म्हणून लोकांनी त्यांचा सत्कार करण्याचे ठरविले. वडिलांना हा सत्कार प्रथम पसंत नव्हता, मुलाच्या डोक्यात वारे शिरेल अशी त्यांना धास्ती होती. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांचे मन वळविले आणि सभेत स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाच्या हाती दिले. त्या एका पुस्तकाने एका आयुष्याला कोणते वळण दिले, ते सारा देश जाणतो. केळुसकर गुरुजी तेवढ्यावर थांबले नाहीत. मुलाचे पुढील शिक्षण अडले तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांनी पुढाकार घेतला. आणि हे केळुसकर भीमरावांच्या ज्ञातीचे नव्हते, हे आपण ज्ञातिमंडळाच्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

यावरून मंडळापुढे मी नम्रपणे तीन सूचना ठेवतो. पहिली ही, की पारितोषिकाच्या पाकिटाबरोबर विद्यार्थ्याच्या आवडीचे एक चांगले पुस्तक द्यावे. दुसरी, सत्कार झालेल्या प्रत्येक मुलास मंडळातील एका सुशिक्षित गृहस्थाशी किंवा भगिनीशी जोडून द्यावे. त्यांनी तीन वर्षे, महिन्यातून एकदा, एवढेच विचारावे : “काय वाचलेस, सांग पाहू.” तिसरी, घोडेगावात एक अभ्यासिका काढावी. चार टेबले, दिवे, शांतता आणि रात्री दहापर्यंत उघडे दार. एवढे पुरे. हे दार मात्र आपल्याच ज्ञातीपुरते असू नये. डोंगरातून हिरडा गोळा करून आणणाऱ्या आदिवासी बांधवांची मुले याच गावी शिकावयास येतात. आपल्या दिव्याखाली त्यांनाही जागा असावी. दिवा दोघांनी वापरला म्हणून तेल दुप्पट जळत नाही.

पालकांना माझी एक विनंती आहे. मूल नापास झाले तर त्याला प्रथम जेवावयास वाढा, निकाल मागाहून विचारा. मी चार महिने खोटे लिहिले, कारण खरे सांगितल्यावर काय होईल याचे मला भय होते. अखेर दिवाळीत मी वडिलांसमोर सारे कबूल केले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पाटी पडली तर भाजी गोळा करायची आणि पुन्हा उचलायची. त्यात काय एवढे?” पुढील वर्षी मी तिन्ही विषय सोडविले. ते शब्द मला ऐकावयास मिळाले नसते, तर आज मी आपल्यासमोर उभा नसतो.

विद्यार्थी मित्रहो, आज रात्री घरी गेल्यावर एक पान वाचा. पुस्तक मिटा आणि त्यात काय होते ते घरातील कोणासही सांगा. आजीला सांगा. तिला समजले, तर तुम्हांलाही समजले असे खुशाल माना. पुढील वर्षी याच मेळाव्यात दुसऱ्या वर्षात गेलेल्या मुलांचीही नावे पुकारली जावीत, एवढीच माझी इच्छा आहे.