वनातील डास आणि ऋतुचक्र

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा येथे जाम नदीच्या पात्रात गोटमारीचा मेळा भरतो. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव आणि मध्ये पावसाळ्यातली नदी. दोन महिन्यांनी तेच पात्र पाहावे, तर धार क्षीण झालेली असते आणि खडकांच्या खळग्यांतून स्वच्छ, संथ, उन्हाने कोमट झालेले पाणी साचलेले असते. मेळ्याकडे हजारोंचे डोळे लागतात. या डबक्यांकडे कोणी फिरकूनही पाहत नाही. परंतु माणसाच्या प्राणाशी त्यांचा संबंध थोडाथोडका नाही.

पांढुर्णा आणि सौंसर हे पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेले दोन मराठीभाषी तालुके. २०२३ साली त्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. दक्षिणेस नागपूरकडे उतरत जाणारी कापसाची व संत्र्यांची जमीन आणि उत्तरेस सिलेवानी घाटापासून चढत जाणाऱ्या सातपुड्याच्या सागवानी रांगा, अशी या प्रदेशाची ठेवण आहे. जेथे शेत आणि रान असे एकमेकांस भिडतात, तेथे डासांच्याही दोन सृष्टी एकमेकींस भेटतात.

सगळे डास सारखेच, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः प्रत्येक जातीने आपले घर निवडून घेतलेले असते. गावातील गटाराचे घाण पाणी क्युलेक्सला मानवते. रानातील झाडांच्या ढोलीत किंवा तोडलेल्या बांबूच्या खुंटात साचलेले ओंजळभर पाणी एडिसच्या काही जातींना पुरते. त्याच ढोलीत टॉक्सोऱ्हिंकायटिस नावाचा एक मोठा डास वाढतो. त्याची अळी इतर डासांच्या अळ्या खाते आणि मोठेपणी तो रक्ताला शिवतही नाही. निसर्गाने शत्रू आणि मित्र एकाच घरात ठेवले आहेत ते असे.

हिवतापाचे जंतू मात्र अ‍ॅनॉफेलिस डासाच्या मादीकडूनच माणसात येतात. डासाच्या शरीरातील हे जंतू रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे प्रथम पाहिले. मध्य भारताच्या वनपट्ट्यात या कुळातील दोन जाती विशेष महत्त्वाच्या आहेत. अ‍ॅनॉफेलिस क्युलिसिफेसीज ही उन्हातल्या स्वच्छ पाण्यावर, म्हणजे नदीपात्रातील डबकी, धानाची शेते आणि पाझरणारे कालवे यांवर वाढते. तिची ओढ गुरांकडे अधिक. तथापि तिची संख्या फार वाढली म्हणजे माणूसही तिच्या तडाख्यातून सुटत नाही. दुसरी अ‍ॅनॉफेलिस फ्लुव्हियाटिलिस. डोंगरपायथ्याच्या मंद वाहत्या नाल्यात, काठच्या गवताच्या आडोशाने ती अंडी घालते. पहिलीचा जोर पावसाळ्यात, तर दुसरीचा पाऊस ओसरल्यावर, नाले निवळले म्हणजे. पाऊस संपला तरी रानालगतच्या खेड्यांतील ताप संपत नाही, त्याचे एक कारण हेच.

परंतु डास असला म्हणजे रोग झालाच, असे नव्हे. मादीने रुग्णाचे रक्त शोषल्यावर जंतूंची वाढ तिच्या शरीरात पूर्ण व्हावी लागते. घातक अशा फाल्सिपेरम जंतूला त्यासाठी २५ अंश सेल्सियस उष्णतेत सुमारे १२ दिवस लागतात. उष्णता २० अंशांवर आली तर तीन आठवड्यांहून अधिक. तोपर्यंत मादी जगली पाहिजे, आणि ते हवेतील दमटपणावर अवलंबून असते. मे महिन्यात साग निष्पर्ण होतो, नाले आटतात, कोरड्या झळांत डास तग धरीत नाहीत. आश्विन-कार्तिकात मात्र ऊब, ओलावा आणि साचलेले पाणी ही तिन्ही एकत्र येतात. नेमक्या त्याच दिवसांत शेतकरी पिकाच्या राखणीसाठी रात्री शेतावर जागलीला जातो.

पावसाचाही न्याय सरळ नाही. मुसळधार पाऊस नाल्यातील अळ्या वाहून नेतो. उलट पावसाने दडी मारली तर वाहती नदी तुटून तिची शेकडो डबकी होतात. १९३४-३५ साली सिंहलद्वीपात असेच घडले. पाऊस चुकला, नद्यांची डबकी झाली, त्यांत क्युलिसिफेसीज माजली आणि हिवतापाच्या साथीत सुमारे ८०,००० माणसे मेली. कन्हान आणि जाम यांच्या काठच्या माणसाने अवर्षणाच्या वर्षी पिकाइतकीच काळजी नदीपात्राची का करावी, याचे उत्तर या घटनेत आहे.

माणूस स्वतःही डासाचे घर बदलीत असतो. रान तुटले की सावली जाते, पाणी तापते आणि उन्हात रमणाऱ्या जातीला वाट मोकळी होते. बंधारा झाला की पिकाला पाणी मिळते. पण त्याच्या पाझरावर लक्ष नसेल तर डासालाही मिळते. म्हणून रान राखू नये किंवा बंधारे बांधू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. त्यांची देखरेख हा आरोग्यरक्षणाचाच भाग आहे, इतकाच त्याचा अर्थ.

गाफीलपणाची किंमत देशाने एकदा मोजली आहे. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत रुग्णांची वार्षिक संख्या सुमारे एक लाखावर आली. रोग गेलाच, असे वाटून हात सैल पडले, डासही डी.डी.टी.ला दाद देईनासे झाले. १९७६ साली हीच संख्या ६४ लाखांवर गेली. उलट सातपुड्याच्याच पूर्वेकडील मंडला जिल्ह्यात २०१७ पासून घरोघर जाऊन तापाच्या रुग्णांची तपासणी, तत्काळ औषधोपचार आणि औषधी मच्छरदाण्या यांवर भर देण्यात आला, तेव्हा रानच्या खेड्यांतही हिवताप पुष्कळ हटला.

तेव्हा उपाय हाताशी आहेत. दर आठवड्याला एकदा डबकी बुजवावी किंवा वाहती करावी, कारण अंड्यापासून डास होण्यास उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस पुरतात. विहिरीत व टाक्यांत गप्पी मासे सोडावे. मोहफुले किंवा तेंदूपत्ता वेचण्यास रानात मुक्काम करणाऱ्याने मच्छरदाणी शिदोरीइतकीच आवश्यक मानावी, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. ऋतू माणसाच्या हाती नाहीत. दाराजवळचे डबके मात्र आहे.